आईने बोललेला नवस

"बा देवा रवळनाथा म्हाराजा," बाबल गुरवाने हात जोडून गाऱ्हाण्याला सुरुवात केली, "आज ही राऊळांची लेकरां तुझ्या पायाकडे इली हत रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो.

आम्ही म्हणजे मी, आई, शेजारची भागीरथी काकी आणि सोमवार म्हणून देवळात आलेली वाडीतली आणखी काही माणसं. आमच्याकडे गाऱ्हाणं गुरव घालतो. देवाला सांगायचं ते तो सांगतो आणि मागे उभे असलेले प्रत्येक वाक्याला होकार भरतात. मूल आईच्या कडेवर असतं तेव्हापासून त्याच्या कानाला ही सवय असते. गुरवाचा आवाज खाली उतरला की तोंड आपोआप उघडतं.

"ह्या चेडवाचो पाय मोडललो, वर्सभर ता घरात बसान हुता. तो पाय तुझ्या कृपेन बरो झालो रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी. माझे डोळे मिटलेले होते. मी खूश होते. दोन दिवसांपूर्वीच कोल्हापूरच्या डॉक्टरांनी मला उकिडवं बसवलं, उठवलं, पुन्हा बसवलं, गुडघा दोन्ही हातांनी हलवून पाहिला आणि म्हणाले, पळ आता. येत्या रविवारी कुडाळला जिल्ह्याच्या खो-खो संघाची निवड चाचणी होती. आई म्हणाली, आधी देवाकडे नारळ ठेवू. मला ते अगदी मनापासून पटलं. मी स्वतः थाळी घासून घेतली होती, जास्वंदीची फुलं काढून आणली होती.

"पाय सरळ झालो तर चेडू परत खेळाच्या मैदानार पाऊल घालूचा नाय, असो नवस तेच्या आवशीन तुका बोललो. तो आज मान्य करून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

सगळ्यांबरोबर मीही म्हणाले. चांगलं स्पष्ट म्हणाले. बाबलने नारळ पायरीवर आपटला, पाणी उडालं, काकीने "बरो फुटलो" म्हणून मान डोलावली, आणि तेव्हा कुठे ते वाक्य माझ्या कानांतून आत उतरलं.

मी आईकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ती नारळाची शकलं पदराने पुसत होती.

देवळात मी आवाज चढवला नाही. देवळात कुणी चढवत नाही. प्रसाद घेतला, प्रदक्षिणा घातली, चपला पायात घातल्या. भातं कापून झाली होती, मळ्यातून सरळ वाट होती. काकी मागे राहिल्याची खात्री करून मी आईला विचारलं, "ह्या कधी बोललंस तू?"

"काय?"

"नवस."

"हॉस्पिटलात. ऑपरेशनच्या रातीक."

"आणि माका आज सांगतंस?"

"मी खंय सांगलंय? बाबलान सांगल्यान." आणि ती हसली. आईला अवघड वेळी असं काहीतरी बोलून सटकायची खोड होती. एरवी मीही हसले असते.

त्या रात्रीपर्यंतची गोष्ट अशी. मागच्या वर्षी जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात शेवटची काही सेकंदं उरली होती. पाठलाग आमचा होता, धावत मी होते. समोरची मुलगी खांबाला वळसा घालत होती. शिस्तीने पाहिलं तर खांबाजवळ बसलेल्या आमच्या मुलीला मी खो द्यायचा आणि तिने पाठलाग पुढे न्यायचा. पण मला ती मुलगी हाताच्या अंतरावर दिसली. मी खांब धरून सूर मारला. हात तिच्या पाठीला लागायला बोटभर उरलं आणि माझा डावा गुडघा खांबाच्या बुंध्याशी पिळला गेला. आतला आवाज मला ऐकू आला. आम्ही एका गुणाने हरलो. मला टेंपोत आडवं घालून नेत होते तेव्हा आमच्याच संघातली एकजण दुसरीला म्हणाली, "खो दिला असता तर हरलो नसतो. हिला हिरॉइन व्हायचं होतं."

ते वाक्य घेऊन मी वर्षभर घरात बसले. बाजारात कुणी विचारलं, "गुडघो कसो आसा गो?" तरी मला ऐकू यायचं, सामना कसा घालवलास गो. प्लॅस्टर निघाल्यावर पाय काठीसारखा बारीक झालेला. डॉक्टरांनी सांगितलं, पायाला वजन बांधून उचल. आईने जुन्या लुगड्याच्या पिशव्या शिवल्या, व्हाळाच्या काठची वाळू भरली, तोंडं टाचली. रोज पहाटे मी तुळशीला पाणी घालून पडवीत बसायचे आणि ती माझ्या घोट्याला पिशवी बांधायची. पाय उचलताना डोळ्यांत पाणी यायचं, तेव्हा ती म्हणायची, "अजून एकदा. तू वाघीण मगे." दर पंधरवड्याला पिशवीत मूठभर वाळू वाढायची. ती मूठ आईची असायची.

मळ्यातून चालताना मला त्या पिशव्या आठवल्या आणि रागाने माझे कान तापले.

"तू माका पिशये शिवन दिलंस," मी म्हणाले. "रोज पायाक बांधलंस. वाघीण म्हटलंस. आणि तुका सगळा म्हायती हुता."

"पाय बरो होवक होयो हुतो. खेळूक नाय."

"माका खेळूकच होयो हुतो तो."

"तुका चलाक नको? पानी हाडूक नको? उद्या लगीन झाल्यार सासू काय तुका खांबार उड्यो मारूक सांगतली?"

"आये, मस्करी नको."

ती बांधावर थांबली. हातातली थाळी तिने दोन्ही हातांनी छातीशी धरली. "त्या रातीक तू किंचाळत हुतंस. डॉक्टर म्हणाले, पाय आखडान रवात कदाचित. तुझो बापूस मुंबैक. मी एकटी बाकड्यार. देवाक कायतरी देवक होया हुता. माझ्याकडे दुसरा काय हुता?"

"ता तुझा नव्हता."

"काय?"

"माझा खेळना. ता तुझा नव्हता देवाक देवक. तुझा काय ता देवचा हुता. सोमवार धरूचो, मीठ सोडूचा. माझा कित्याक दिलंस?"

"आवशीचा आणि लेकीचा काय येगळा असता?"

"असता."

तिला ते लागलं. पण ती मागे सरली नाही. "आता झाला ता झाला," ती म्हणाली. "आणि मी एकटीच नाय. तू पण व्हय म्हटलंस. भरल्या देवळात म्हटलंस."

तिने ते बोलायला नको होतं. घरी आल्यावर मी दुपारी जेवले नाही. समया, निरांजनं, तांब्याचा गडू, देवघरातलं सगळं काढून चिंचेने घासत बसले. हात लाल झाले तरी घासत होते. राग आईचा होता, बाबलचा होता, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या तोंडाचा. सामन्यात माझा हात बोटभर कमी पडला होता. इथे जीभ क्षणभर पुढे गेली होती. दोन्ही वेळा माझंच शरीर मला न विचारता वागून मोकळं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मी परुळेकर सरांकडे गेले. ते हायस्कूलला पीटी शिकवायचे. माझ्या हातात पहिल्यांदा शिट्टी दिली ती त्यांनी, आणि माझ्या पाठीवर पहिली थापही त्यांचीच. मी त्यांना सगळं सांगितलं. ते खुर्ची मागे झुकवून हसले.

"राऊळ, कुठल्या जमान्यात राहतेस? नवस, गाऱ्हाणं, सगळं थोतांड. रविवारी आठ वाजता मैदानावर ये. देवाला मी समजावतो."

"सर, असं बोलू नका."

"का? तुझा गुडघा डॉक्टरांनी जोडला की रवळनाथाने?"

"मला माहीत नाही. पण मी देवासमोर होय म्हटलंय."

"मग नाही म्हण. एक शब्द तर आहे."

मी नमस्कार करून बाहेर पडले. मदतीला गेले होते आणि दुप्पट संतापून परत निघाले. सरांना देव खोटा वाटत होता, आईला खेळ. मला दोन्ही खरे होते, आणि दोघंही मला त्यातलं एक निवड म्हणून सांगत होते. सरांच्या म्हणण्याप्रमाणे गेले असते तर मैदानावर पहिल्यांदा पाय मुरगळला की मी स्वतःच म्हटलं असतं, बघ, दिली शिक्षा. मग पुढचा प्रत्येक दिवस ती शिक्षा कधी होते ह्याची वाट पाहण्यात गेला असता. असा पाय घेऊन कुणी धावू शकत नाही.

वाटेत विहिरीवर भागीरथी काकी भेटली. "सरांकडे गेल्लंस?"

"व्हय."

"कित्याक?"

"असाच."

"बाये, देवाकडे खेळ बरो न्हय. आमी आमच्या कानांनी आयकला तुझा व्हय." तिने कळशी कमरेवर घेतली. "तुझी आवस किती रडली हुती त्या टायमाक. आवशीच्या वचनाक खो घालू नको."

"काकी, खो माका घातल्यानी," मी म्हणाले. "मी कोणाक घातलंय नाय. मी फक्त देतंय."

तिला काही समजलं नाही. मला ते शब्द तोंडातून बाहेर पडल्यावर समजले. खेळात खो देतात तेव्हा बसलेला उठतो आणि धावायला लागतो. माणसं खो घालतात तेव्हा धावणारा बसतो. शब्द एकच.

शनिवारी पहाटे मी देवळात गेले. बाबल गाभारा झाडत होता. मी म्हटलं, "बाबलकाका, माका देवाशी बोलूचा आसा."

त्याने केरसुणी बाजूला ठेवली. त्याला बहुतेक अंदाज होता. वाडीत काही लपून राहत नाही. "कौल लावतंय," तो म्हणाला. "देवाच्या आंगार पाकळ्यो लावया. उजवी पडली तर खेळूक जा. डावी पडली तर घराक बस. कोण काय बोलूचा नाय मगे. तुझी आवस पण नाय."

क्षणभर मला मोह झाला. उजवी पडली असती तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. आईचं, काकीचं. पण मग माझा पाय पुन्हा कुणाच्या तरी हातात गेला असता, ह्या वेळी एका पाकळीच्या.

"नको," मी म्हणाले. "माका इचारूचा नाय. सांगूचा आसा."

"बायलमाणसान गाऱ्हाणा घालूचा नसता."

"गाऱ्हाणा न्हय. बोलतंय नुसती."

तो केरसुणी घेऊन बाहेर सभामंडपात गेला, आणि झाडण्याचा आवाज मात्र बराच वेळ आला नाही.

मी उंबरठ्याशी बसले. माझा आवाज मुळात बारीक. मैदानावर खो देतानासुद्धा पंच म्हणायचे, जरा मोठ्याने, नाहीतर चूक देईन. पण त्या दिवशी तो बारीकच ठेवला. म्हटलं, देवा, सोमवारी मी होय म्हणाले ते सवयीने म्हणाले. तुलाही ते कळलं असेल, तू काही बहिरा नाहीस. माझ्या पायाचा सौदा माझ्या पाठीमागे झाला. आईने तुला दिलं ते तिचं नव्हतं, आणि तू घ्यायला नको होतंस. मला तुझाही राग आलाय. पाय परत हवा असेल तर घे. पण उद्या मी जाणार. आणि खेळले, पडले, निवडले गेले, नाही गेले, काही झालं तरी रोज तुझ्यापुढे दिवा लावायला येणार. त्याच्या बदल्यात मला तुझ्याकडून काही नको. हा माझा नेम. मी बोललेला.

मागे होकार भरायला कुणी नव्हतं. मी वात लावली आणि घरी आले.

रविवारी सकाळी आई चुलीपुढे होती. मी बूट पिशवीत घालताना तिने पाहिलं. "जातंस?"

"जातंय."

"पाय मोडान घेवन इलंस तर माझ्या दारात येव नको."

"येतलंय. हयंच येतलंय. आणि तूच वाळू भरतलंस."

तिने तोंड फिरवलं. तिने ताटात घावणे वाढून ठेवले होते. मी न खाता निघाले. तेव्हा इतकी रागावले होते की भूकही तिची वाटत होती.

मैदानावर रात्री पाणी मारलेलं होतं, लाल माती चांगली दबलेली होती. मी वाकून मातीला हात लावला आणि कपाळाला लावला. मग आत पाऊल टाकलं. वाट पाहिली. काही झालं नाही. दुसरं टाकलं.

आधी पाठलाग होता. पहिल्या काही मिनिटांत मी अगदी जपून धावले, डावा पाय टेकताना मनात आधी विचारून घेत होते. परुळेकर सर कडेला उभे होते, हातांची घडी घालून. मग एक मुलगी खांबाकडे वळली. लांब वेणीची, सावळी, सोळाएक वर्षांची. दर्शना तेली तिचं नाव. ती खांबाला वळसा घालायला लागली. खांबाजवळची मुलगी तयार बसली होती, मला फक्त तिच्या मागे जाऊन खो द्यायचा होता.

मी दिला नाही. खांब धरला आणि सूर मारला.

हवेत असताना मला वाटलं, आता. आता तो आवाज येणार. देवाचा असो, नाहीतर गुडघ्याचा. मी छातीवर पडले, हनुवटी मातीत घासली, आणि माझ्या बोटांना कुणाच्या तरी पाठीचा घामेजलेला सदरा लागला. पंचांची शिट्टी वाजली. दर्शना बाद. मी तशीच पडून राहिले. गुडघा वाकवला. सरळ केला. पुन्हा वाकवला.

"राऊळ, उठ," सर ओरडले. "का तिथेच झोपणार?"

उठताना मला हसू येत होतं आणि रागही येत होता, वर्षभर ह्या एका सुराने मला घाबरवलं म्हणून.

मग पळायची पाळी आली, आणि तिथे मी संपले. वर्षभर घरात बसलेली मी. पाय बरा होता, पण दम नव्हता, झुकांडी द्यायला कंबर पूर्वीसारखी वळत नव्हती. दर्शनाने मला मैदानाच्या मध्यभागी, अगदी साधेपणाने पकडलं. सूरही नाही, काही नाही. दोन पावलं जास्त जोरात धावली आणि हात लावला. ती स्वतः पळाली तेव्हा पूर्ण पाळीभर कुणाच्या हाती लागली नाही. तिचं पाहून मी टाळ्या वाजवल्या. वाजवाव्या लागल्या, इतकं छान पळत होती.

दुपारी बारा नावं वाचली. माझं नव्हतं.

सर जवळ आले. "पुढच्या वर्षी," ते म्हणाले. "दम वाढव. आणि तो सूर... त्याबद्दल मी काही बोलत नाही."

घरी पोहोचले तेव्हा भागीरथी काकी आमच्या खळ्यात बसली होती. आई तिच्याशेजारी, मांडीवर सूप घेऊन. माझी हनुवटी सोललेली, कपडे लाल.

"काय झाला?" आईने विचारलं.

"निवड झाली नाय."

काकीने हात जोडून देवळाच्या दिशेला मान वळवली. "देवान दाखवल्यान. सांगलंय ना मी. देवाक नको हुता ता."

आणि तेव्हा माझा आवाज चढला. माझ्या आयुष्यात तो किती वेळा चढला असेल ते मोजता येईल. "काकी, देवाचा नाव ह्याच्यात घेव नको. देवान काय केल्यान नाय. तेल्यांचा दर्शना माझ्यापेक्षा जोरात धावता. मी दमलंय. म्हणान हरलंय. देवाचो काय संबंध नाय. माझी हार आसा ती. माझ्या एकटीची."

काकी उठली, पदर झटकला आणि "आजकालची चेडवां" असं काहीतरी म्हणत गेली.

मी पायरीवर बसले. आईने सूप खाली ठेवलं आणि माझ्यासमोर उकिडवी बसली. तिने माझा डावा पाय आपल्या मांडीवर घेतला. अंगठा गुडघ्याच्या वाटीभोवती फिरवला, वर्षभर फिरवायची तसा. मी पाय ओढून घेणार होते. घेतला नाही.

"दुखता?"

"नाय."

"खरा सांग."

"नाय दुखत. सूर मारलंय, तरी नाय दुखत."

"मगे रडतंस कित्याक?"

मी रडत होते हे मला तोपर्यंत कळलं नव्हतं. "हरलंय म्हणान," मी म्हणाले.

ते किती साधं होतं. मागच्या वर्षी मी हरले तेव्हा त्यात गुडघा होता, संघ होता, हिरॉइन होती, मग आईचा नवस आणि देवाची मर्जी होती. सगळ्यांनी येऊन आपापलं काही त्यात मिसळलं होतं. आज त्यात कुणी नव्हतं. एक मुलगी माझ्यापेक्षा चांगली पळाली होती, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटत होतं.

आई बराच वेळ पाय चेपत राहिली. तिला माफ करावं असं मला वाटलं नाही. त्या दिवशी नाही, आणि पुढेही बरेच दिवस नाही.

"परत जातलंस?" तिने विचारलं.

"जातलंय."

"मगे देवाक मी काय सांगू?"

"तू काय सांगू नको," मी म्हणाले. "माझा काय ता मी सांगान."